काचपेटीच्या तळाची माती

लग्न होऊन मी साताऱ्यात आले आणि थोड्याच दिवसांत यांची रजा संपली. हे फौजेत परत गेले आणि घरात उरलो आम्ही दोघं, मी आणि माझे सासरे. हे लहान असतानाच सासूबाई वारल्या होत्या. सासरे सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेले. तेव्हा औद्योगिक वसाहत नवीन होती, तिथल्या एका कारखान्याच्या फाटकावर ते दिवसपाळीची नोकरी करत. सकाळी सायकलवर टांग टाकून जायचे, दिवस कलताना यायचे. उंच, हडकुळे, पांढऱ्या मिशा, आणि बोलणं जवळजवळ नाहीच.

बोलत तर मीही नव्हते. मी कवठे महांकाळच्या बाजूची. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नसे. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ताट वाजवायची. ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "भाकरी झाली असंल तर बसतो." जेवून उठताना कधी म्हणायचे, "आमटी बरी झालीय." दिवसभराचं बोलणं तेवढंच.

बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी एक काचेची पेटी होती. लोखंडी अँगलची चौकट कारखान्यातल्या वेल्डरनं जोडून दिलेली, काचा कुणाच्या तरी खिडक्यांतून उरलेल्या, सांधे काचा बसवायच्या लांबीनं भरलेले. माशांची पेटी. नोकरीत असताना कुठल्याशा छावणीच्या मेसमध्ये त्यांनी अशी पेटी पाहिली होती. आत हिरवं रान असल्यासारखी झाडं आणि त्यांतून फिरणारे मासे. पेन्शनीत गेलो की आपल्या घरी अशी करायची, हे त्यांनी तिथं उभं राहून ठरवलं होतं. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं, की हा माणूस घरी आला की बूट काढायच्या आधी पेटीपुढे वाकतो.

मासे फुकट मिळाले होते. डास खावेत म्हणून विहिरींत गप्पी मासे सोडलेले असायचे, तिथून बादलीभर आणले. पाण्यात हवा सोडायचं यंत्र परवडणारं नव्हतं, त्यामुळं झाडं जगली तरच मासे जगणार होते. झाडंही फुकटच, माहुलीला नदीच्या उथळ पाण्यात रिबिनीसारख्या लांब पानांचं गवत उगवतं ते. अडत होतं फक्त तळाशी. झाडं रोवायची कशात?

पुण्यात एका दुकानात पेट्यांसाठी खास खडी मिळते असं त्यांना कुणीतरी सांगितलं. एका सुट्टीला ते जाऊन आले. परत आल्यावर भिंतीला म्हणाले, "खडीचा भाव ऐकून मासंबी हासतील."

दाराआड मला हसू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला. त्यांनी ऐकलं असावं, कारण मिशी जराशी हलली.

मग त्यांनी फरशीच्या कारखान्यातून संगमरवराची चुरी आणली. पांढरीशुभ्र, धुतल्यावर साखरेसारखी चमकणारी. पेटी इतकी देखणी दिसायला लागली की गल्लीतली माणसं बघायला आली. पण गवत पिवळं पडलं, मग पानं विरघळल्यासारखी पाण्यावर तरंगायला लागली. वेल्डर म्हणाला की संगमरवर म्हणजे एका जातीचा चुनाच, पाण्यात उतरतो. ती चुरी काढून माहुलीची बारीक वाळू आली. वाळूत गवत उभं राहिलं, मेलं नाही, पण वाढेना. मुळं वर काढून बघितली तर तोकडी, तपकिरी. ते बराच वेळ ती मुळं हातात घेऊन बसले होते.

"नुसत्या वाळूत पोट भरत न्हाई," ते म्हणाले. त्या वेळी ते भिंतीकडे बघत नव्हते, पण माझ्याकडेही नाही.

त्यांची बहीण कडेगावला दिलेली. तिच्या उसाच्या रानातली काळी माती पोत्यात भरून आली आणि बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवली. तोवर मला दिवस गेले होते. शेजारच्या चाचीनं ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. तिचे मिस्टर पोवई नाक्यावर छत्र्या दुरुस्त करायचे आणि ती मला मुलीसारखं वागवायची. मला अन्न नकोसं झालं होतं. भाकरी थापताना पिठाचा वास आला तरी मी नाकाला पदर लावायची.

एका सकाळी केर काढताना कळशी कलंडली आणि पाणी त्या पोत्यावर गेलं. मातीचा असा वास उठला की मी झाडणी हातात धरून तशीच थांबले. तोंडाला पाणी सुटलं. बाया माती खातात हे मी ऐकलं होतं, पण आपल्याला असं कधी होईल असं वाटलं नव्हतं. मी पोत्यात बोट घातलं आणि चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट, झोंबणारी लागली. मी थुंकून टाकली. रानाला टाकलेलं खत त्यात भरपूर होतं.

संध्याकाळी ते पोतं सोडायला लागले तशी मी दाराआडून बोलले. त्या घरात त्यांच्याशी आपण होऊन बोललेलं ते माझं पहिलं वाक्य.

"मामंजी, ती माती नका घालू. लय खत हाय तिच्यात."

ते थांबले. "तुला कसं कळलं?"

"वास येतोय."

त्यांनी मूठभर माती नाकाशी नेली. "खत असंल तर चांगलंच की, सूनबाई. झाडांना खायलाच घालायचंय."

मला तरी कुठं ठाऊक होतं! माती खाली, वाळू वर, असं त्यांनी नीट रचलं, पाणी भरलं, गवत लावलं, मासे सोडले. आठवडा होत आला नसेल, पाणी मटकीच्या पाण्यासारखं गढूळ हिरवं झालं. तळातून बुडबुडे यायला लागले आणि खोलीत नासक्या अंड्यासारखा वास भरला. रविवारी दुपारी मी पाहिलं तर सगळे मासे वर येऊन तोंडांची उघडझाप करत होते. मामंजी परसात सायकल पुसत होते.

"आवं मामंजी, मासं मराय लागल्यात! लवकर या!" मी ओरडलेच.

ते पळत आले. पेटी रिकामी करायला वेळ नव्हता. त्यांनी गाळणीनं मासे उचलायचे आणि मी घंगाळ पुढे धरायचं, असं आम्ही दोघांनी मिळून केलं. माझा पदर केव्हा पडला, कळलं नाही. दोघांच्याही अंगावर तो घाण वास. काही मासे गेले, बरेच वाचले. सगळं झाल्यावर ते जमिनीवरच बसले आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांगत हुतीस. म्या ऐकायला पायजे हुतं."

मी पदर सावरला, पण दाराआड गेले नाही. चहा केला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

त्यानंतर त्यांनी घाई सोडली. मासे घंगाळात राहू दिले आणि मिळेल तिथली माती थोडी थोडी आणून रिकाम्या डब्यांत ठेवायला लागले. यवतेश्वरच्या चढावरची तांबडी, कुंभाराकडची मळलेली, नदीकाठचा पोयटा, मुरूम. एकेका मातीचा थर काचेच्या बरणीत घालायचा, वर पाणी, त्यात गवताची एक काडी. खिडकीत बरण्यांची रांग लागली. तांबडी माती पाणी निवळूच देईना. कुंभाराची बसली ती सिमेंटसारखी, मुळं आत शिरेनात. ते रोज एकेक बरणी उजेडात धरायचे आणि मला दाखवायचे. मीही आता म्हणायची, "ह्यातली काडी वाकलीया बघा," आणि ते मान डोलवायचे.

पण डबे हाताशी आले आणि माझा जिभेवरचा ताबा सुटला. यवतेश्वरची माती तुरट होती, गोड वाटायची. कुंभाराची तर लोण्यासारखी. ते कामावर गेले की मी एक खडा तोंडात टाकायची, मग दुसरा. भाकरी तशीच टोपलीत राहायची. घराकडचा चढ चढताना दम लागायचा, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. लाज इतकी वाटायची की चाचीलाही सांगितलं नाही.

डब्यांतली माती कमी होत चाललेली त्यांच्या लक्षात आली. "उंदीर झाल्यात घरात," ते म्हणाले आणि बाजारातून पिंजरा घेऊन आले. त्यात माझ्याच हातची भाकरी अडकवून डब्यांशेजारी ठेवला. उंदीर काही सापडला नाही. आता मातीला हात लावायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं, आणि दुसऱ्याच दुपारी डब्याशी जाऊन बसले.

त्या दिवशी कारखान्यात वीज गेली आणि त्यांना लवकर सोडलं. सायकलचा आवाज मला आलाच नाही. वळून बघते तर ते उंबऱ्यात उभे. माझ्या हातात कुंभाराच्या मातीचा खडा, ओठांना माती, तोंड भरलेलं. गिळताही येईना, थुंकताही येईना. त्यांनी पिशवी ठेवली आणि आले तसे बाहेर गेले.

मी रडत बसले. आता माझ्या वडलांना बोलावतील, तुमची पोरगी घेऊन जा म्हणतील, एवढंच डोक्यात. थोड्या वेळानं दार वाजलं. ते चाचीला घेऊन आले होते. स्वतः ओट्यावरच थांबले.

चाची माझ्याजवळ बसली, माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाली, "अगं बाय, रडती कशाला? माझ्या टायमाला मी चुलीचा मातीचा कान खाल्ला, पुरा! पण तू पांढरी पडलीस की गं. चल, डाक्टरणीकडं जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, अंगात रक्त फार कमी आहे, त्यामुळंच माती खावीशी वाटते. लोहाच्या गोळ्या दिल्या, पालेभाजी, गूळ, खजूर सांगितलं. रागावल्या अजिबात नाहीत. "बाहेर सासरे उभे आहेत ना? त्यांना सांगते मी सगळं," म्हणाल्या, आणि खरंच उठून बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलल्या.

घरी आल्यावर संध्याकाळी मी दिवा लावला, तसे ते ओट्यावरून आत आले आणि पेटीजवळ बसले. पेटी रिकामीच होती.

"तुझी सासूबी खायची," ते म्हणाले. "मला आईनं सांगितलं हुतं. मी सुट्टीवर आलेलो. मी हसलो. म्हणलं, खाईना का, रानात काय माती कमी हाय व्हय? आन् सुट्टी संपल्यावर गेलो निघून. दुसऱ्या बाळंतपणात गेली ती. पोरगंबी गेलं. अंगात रक्तच नव्हतं म्हणं. मी लांब हुतो. कळलं तवा सगळं उरकलेलं."

यांनी मला आई कशी गेली ते कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक यांनाही माहीत नसावं.

"तू मला सांगायचं," ते म्हणाले. "काय हुतंय, काय न्हाई. सासरा म्हणून लाजायचं न्हाई. समजलं?"

"व्हय," मी म्हणाले.

सकाळी उठून बघते तर मातीचे सगळे डबे घासून उन्हात पालथे घातलेले. संध्याकाळी ते बाजारातून आले आणि एकेक डबा भरायला लागले. एकात गूळ, एकात शेंगदाणे, एकात खजूर, एकात फुटाणे. बरण्यांतली माती त्यांनी लांब नेऊन ओतली होती. "इकडून तिकडं जाताना हात घालत जा," एवढंच म्हणाले. पेटीचं नाव काढेनात. मासे घंगाळातच फिरत होते. मला त्या रिकाम्या पेटीकडे बघवत नव्हतं.

गोळ्यांनी हळूहळू गुण आला. अन्न गोड लागायला लागलं, मातीची ओढ कमी झाली. तेव्हा मीच विषय काढला. आमच्या गावाजवळ एक तळं होतं. आमचा भाग दुष्काळी, तळं उन्हाळ्यात तळाला जायचं, मग शेतकरी त्यातला गाळ उपसून रानात टाकायचे. काही ढीग बांधावर तसेच पडून राहायचे, पाऊस खायचे, ऊन खायचे. लहानपणी आम्ही त्यावर खेळायचो. त्याला कसलाही वास नसायचा, आणि कडेला पाणगवत तर असं माजायचं!

"मामंजी, कडेगावची माती ताजी हुती, खताची. हा गाळ जुना. ह्याच्यातलं जे कुजायचं ते कवाच कुजून गेलंया."

ते मान खाली घालून ऐकत होते. "तुला बाळंतपणाला सोडायला मीच येणार हाय," ते शेवटी म्हणाले. "तवा बघू."

दिवाळीनंतर आम्ही निघालो. सांगलीला एसटी बदलली. स्टँडवर त्यांनी मला बाकावर बसवलं, केळी आणून दिली आणि गर्दीकडे पाठ करून असे उभे राहिले की मला कुणाचा धक्का लागू नये. माहेरी पोचलो तर माझे वडील गोंधळले. व्याही स्वतः सुनेला पोचवायला आलेला, आणि जेवणं झाल्याबरोबर म्हणतोय, गाळ दाखवा.

"माशांच्या पेटीला गाळ?" वडील म्हणाले. "आवं सुभेदार, गाडीभर न्या की."

"गाडीभर नको. एक पोतं, पण बघून घ्यायचं."

दोघं बांधावर गेले. मला आईनं अंगणातच बसवलं. माती खाण्याची गोष्ट तिच्या कानावर गेली होती आणि घरातल्या सगळ्या बायका माझ्या हातांवर डोळा ठेवून होत्या. गाळ आणून सुपात पसरला तेव्हा त्यात पांढरे खडे दिसले. मामंजींनी लिंबू मागितलं. खड्यांवर पिळल्याबरोबर ते फसफसले. मग गाळावर पिळलं, तर गाळ गप्प.

"खडे चुनखडीचे," ते म्हणाले. "संगमरवराचीच जात. हे येचून काढायचं, मग माती कामाची."

मग अंगणात माझे वडील, आई आणि सुभेदार, तिघं मिळून तांदूळ निवडावेत तसा गाळ निवडत बसले. वडलांनी चाळण धरली. मध्येच ते म्हणाले, "पोरगी तिकडं सुखात हाय न्हवं?" मामंजी म्हणाले, "सुखात हाय का ते तिला इचारा. पण मला तिच्याबिगर ह्यातलं काय कळलं नसतं." आईनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, पण मला फार बरं वाटलं.

पोतं घेऊन ते एसटीनं परत गेले. कंडक्टरशी काय झालं ते त्यांनी नंतर मला रंगवून सांगितलं, आणि त्यांनी रंगवून सांगितलेली ती पहिलीच गोष्ट.

"पोत्यात काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"गाळ."

"गाळ? तो कशाला?"

"माशांना अंथरायला."

"आन् पांघरायला?"

"पाणी हाय की."

सगळी गाडी हसली म्हणे, आणि कंडक्टरनं पोतं आपल्या सीटखाली ठेवून घेतलं.

वर पसरायच्या वाळूचाही प्रश्न त्यांनी सोडवला. घरं बांधणारे गवंडी गिलाव्यासाठी वाळू चाळतात आणि चाळणीवर राहिलेली जाड वाळू बाजूला टाकतात. गल्लीच्या टोकाला एक बांधकाम चालू होतं, तिथली टाकाऊ जाड वाळू त्यांनी मागून आणली. तिच्यावरही लिंबू पिळून बघितलं, पाणी स्वच्छ येईतो धुतली. खाली दोन बोटं गाळ, वर त्याहून जरा जास्त वाळू. पाणी ओतताना वाळू उधळू नये म्हणून ताटली ठेवून तिच्यावर ओतलं. गवत लावलं, पण मासे लगेच सोडले नाहीत. पाणी निवळून पानं सरळ उभी राहीपर्यंत थांबले. सकाळचं ऊन चढलं की पेटीवर पोत्याचा पडदा, म्हणजे शेवाळ धरत नाही, ही युक्ती चाचीची.

मला मुलगी झाली. बाळंतपण कठीण गेलं नाही. सुईणीनं सांगितलं की रक्त बरं होतं. निरोप मिळताच मामंजी पेढे घेऊन आले. मुलगी झाली तर पेढे वाटायची तेव्हा आमच्या गावात पद्धत नव्हती. त्यांनी घरोघर जाऊन वाटले.

बाळाला घेऊन मी साताऱ्याला परतले तेव्हा थंडी सरली होती. बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी उभीच राहिले. खिडकीतून ऊन तिरपं पेटीत शिरलं होतं. लांब हिरवी पानं तळापासून वर येऊन पाण्यावर वळली होती, आणि जुन्या रोपांनी वाळूखालून धुमारे फेकून नवी रोपं काढली होती. पाणी इतकं नितळ की ते आहे असं वाटत नव्हतं. पानांतून गप्पींची बारीक पिल्लं ये-जा करत होती. मामंजींनी बाळाला माझ्या हातातून घेतलं आणि काचेजवळ नेलं. तिला कळण्याचं ते वय नव्हतं, पण ते तिला सांगतच होते, हे काय, ते काय.

उन्हाळ्यात हे रजेवर आले. पहिल्याच संध्याकाळी यांनी पेटीबद्दल विचारलं तेव्हा मामंजी म्हणाले, "तिला इचार, तिला जास्त ठावं हाय." मी मामंजींच्या समोर पाटावर बसून सांगायला लागले. मध्ये ते माझं वाक्य तोडायचे, मी त्यांचं. संगमरवर मी सांगितला, कंडक्टर त्यांनी सांगितला. माती खाल्ल्याचं मीच सांगितलं. सासूबाईंचं मात्र आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. ते मामंजींनी पुढे एक दिवस यांना बाजूला नेऊन स्वतः सांगितलं. त्या संध्याकाळी हे आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होते. आपले वडील एवढं बोलू शकतात हे यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

गवत इतकं वाढायचं की उपटून टाकावं लागे. मग ते टाकायच्या ऐवजी मामंजी गल्लीत वाटायला लागले. चाचीच्या ओट्यावर एक बरणी आली, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात एक, वेल्डरच्या घरी एक मोठी पेटी. प्रत्येकाला ते मूठभर गाळही द्यायचे, आणि सोबत तीच सूचना: आधी वाळूवर लिंबू पिळून बघा, आणि मासे सोडायची घाई करू नका.